घरची लोकर, घरचा रंग : विनयपिटकातील एक धडा आणि मुलांसाठी एक प्रयोग

कपिलवस्तूच्या निग्रोधारामात भगवान बुद्धांचा मुक्काम असताना घडलेला एक प्रसंग विनयपिटकात नोंदलेला आहे. महाप्रजापती गोतमी भगवंतांच्या दर्शनास आल्या. भिक्खुणी अप्रमादपूर्वक साधना करीत आहेत ना, अशी विचारणा भगवंतांनी केली. गोतमींच्या उत्तरात तक्रार होती आणि ती रास्त होती. छब्बग्गिय म्हणून ओळखले जाणारे काही भिक्खू मेंढ्यांची लोकर भिक्खुणींकडून धुऊन, रंगवून आणि पिंजून घेत असत. त्या कामात वेळ जाई आणि भिक्खुणींचे पठण, प्रश्नोत्तरे व साधना मागे पडे. तेव्हा भगवंतांनी नियम घालून दिला की, नात्यात नसलेल्या भिक्खुणीकडून कोणत्याही भिक्खूने लोकर धुऊन, रंगवून वा पिंजून घेऊ नये. घेतल्यास ती लोकर त्याने सोडून द्यावी आणि दोष कबूल करावा. निस्सग्गिय पाचित्तियांच्या तीस नियमांपैकी हा सतरावा नियम होय.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या नियमामागचा प्रश्न आजही आपल्या घरात उभा आहे. घरातील काम कोणी करायचे, आणि ते कोणाच्या अभ्यासाच्या वेळेतून करायचे? भाऊ पुस्तक घेऊन बसतो आणि बहीण भांड्यांपाशी असते, हे चित्र शिकलेल्या घरांतूनही पुरते गेलेले नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे एक साधा घरगुती प्रयोग ठेवीत आहे. स्वयंपाकघरातील निरुपद्रवी पदार्थांनी मुलांसमवेत लोकर रंगवावी, आणि ती मुलगा व मुलगी दोघांनी मिळून रंगवावी. त्यात थोडे रसायनशास्त्र आहे, थोडा इतिहास आहे आणि धम्माचा एक धडाही आहे.

विनयातील रंगशाळा

महावग्गातील चीवरक्खन्धक या प्रकरणात चीवरासाठी सहा प्रकारच्या वस्त्रांना अनुमती दिलेली आहे. क्षौम, कापूस, रेशीम आणि ताग-अंबाडीसारख्या धाग्यांच्या जाड्याभरड्या वस्त्रांबरोबर त्यात लोकरीचाही समावेश आहे. याच प्रकरणात रंगवण्याची सारी पद्धत आली आहे. ती वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. एकही नियम आधी ठरवून सांगितलेला नाही. प्रत्येक नियम एखाद्या फसलेल्या प्रयत्नानंतर आलेला आहे.

आरंभी भिक्खू शेणाने व पिवळ्या मातीने चीवर रंगवीत. रंग वाईट येई. तेव्हा मूळ, खोड, साल, पान, फूल व फळ या सहांपासून काढलेल्या रंगांना अनुमती मिळाली. रंग थंड पाण्यात काढला तर वस्त्राला दुर्गंधी येई. मग तो शिजवण्याची अनुमती मिळाली. शिजवताना रंग उतू गेला, तेव्हा त्यावर उपाय सांगितला गेला. रंग शिजला की नाही हे कळेना, तेव्हा त्याचा थेंब पाण्यात किंवा नखाच्या पाठीवर टाकून पाहण्यास सांगितले. शिजलेल्या रंगाचा थेंब एकदम पसरत नाही, असे अट्ठकथा सांगते. ओले चीवर जमिनीवर वाळत घातले, त्याला धूळ लागली. गवत अंथरले, ते किड्यांनी खाल्ले. मग बांबू किंवा दोरी आली. मधोमध टांगले तर रंग दोन्ही बाजूंना ओघळला, तेव्हा कोपऱ्यास बांधून टांगावे असे ठरले. रंग एकाच बाजूला उतरू लागला, तेव्हा चीवर पुनःपुन्हा फिरवावे आणि थेंब गळणे थांबेपर्यंत तेथून जाऊ नये, असे सांगितले गेले.

करून पाहावे, चूक कोठे झाली ते नीट बघावे, पद्धत सुधारावी आणि पुढच्यासाठी ती नोंदवून ठेवावी, अशी ही रीत आहे. ‘एहिपस्सिको’, म्हणजे ‘या आणि स्वतः पाहा’, हे धम्माचे जे वैशिष्ट्य आपण वंदनेत नित्य उच्चारतो, त्याचे इतके व्यावहारिक उदाहरण क्वचितच सापडेल. आपल्या मुलांना पहिल्याच दिवशी हवा तो रंग मिळाला नाही, तर ही परंपरा त्यांना आवर्जून सांगावी.

अट्ठकथेतील आणखी एक तपशील मुलांना आवडेल. भिक्खूंसाठी मुळांपैकी हळद, पानांपैकी नीळ आणि फुलांपैकी पळस व करडई ही वर्ज्य सांगितली आहेत. संपूर्ण पिवळी, संपूर्ण लाल, संपूर्ण निळी चीवरे महावग्गातच निषिद्ध ठरली आहेत. त्या दृष्टीशी हे सुसंगत आहे. गृहस्थाला मात्र असे बंधन नाही. तेव्हा भिक्खूंना जी हळद वर्ज्य, तीच आपल्या मुलांच्या प्रयोगाचा पहिला रंग ठरावी.

सुतापेक्षा लोकर का?

नागपूरच्या उन्हाळ्यात लोकरीचे नाव काढले तरी घाम फुटावा. पण लोकर विदर्भाला परकी नाही. येथील कुरमार समाजातील कुटुंबे मेंढ्या पाळीत आणि घोंगड्या विणीत आली आहेत. दर हिवाळ्यात तिबेटी बांधव नागपुरात स्वेटर विकण्यास येतात, हेही आपल्या परिचयाचे दृश्य आहे. तथापि लोकर निवडण्याचे खरे कारण शास्त्रीय आहे.

लोकर ही केसांप्रमाणेच केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते. या प्रथिनावर रंगाच्या रेणूंना धरून ठेवणाऱ्या पुष्कळ जागा असतात. कापूस हा सेल्युलोजचा असतो. त्यावर वनस्पतिजन्य रंग सहजासहजी टिकत नाही, त्याला आधी हिरड्यासारख्या तुरट पदार्थाची बैठक द्यावी लागते. लोकर स्वयंपाकघरातील रंग तासाभरात स्वीकारते. मुलांच्या धीराला हे परवडते.

लोकरीच्या धाग्यावर सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकली किंवा पाण्यात चोळली, तर हे खवले एकमेकांत अडकून लोकर आटते व घट्ट होते. म्हणून सारे काम सावकाश करायचे: पाणी हळूहळू तापवायचे, हळूहळू निवू द्यायचे, आणि लोकर पिळायची नाही.

बाजारात ‘लोकर’ या नावाने मिळणारा विणकामाचा धागा पुष्कळदा ॲक्रिलिकचा असतो. त्यावर हे रंग चढत नाहीत. खरी लोकर ओळखण्यासाठी मोठ्या माणसाने चिमट्यात इंचभर धागा धरून जाळून पाहावा. लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरगळते; ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी बनते.

आरंभापूर्वीची दक्षता

चुलीपाशी किंवा शेगडीपाशी काम मोठ्यांनीच करावे. मुलांनी मोजणे, निवडणे, धुणे, नोंदी ठेवणे आणि निवालेल्या पाण्यातील लोकर हाताळणे ही कामे करावीत. रंगासाठी स्टीलचे एक जुने पातेले व एक चमचा कायमचा वेगळा ठेवावा आणि तो पुन्हा स्वयंपाकास वापरू नये. पदार्थ खाण्याचे असले तरी हा नियम पाळावा. तुरटीची किंवा हळदीची पूड हवेत उडू देऊ नये. मोरचूद, बायक्रोमेट आणि सुटी मिळणारी रंगांची भुकटी यांना या प्रयोगात स्थान नाही. जुने कपडे घालावेत, कारण हळदीचा डाग विसरत नाही. चुकून कोणास भाजल्यास त्या जागेवर तत्काळ थंड वाहते पाणी बराच वेळ धरावे.

कृती

पुढील प्रमाण पन्नास ग्रॅम कोरड्या पांढऱ्या लोकरीसाठी आहे.

लोकरीच्या गुंड्याची सैल लडी करावी आणि ती चार ठिकाणी सुती दोऱ्याने ढिली बांधावी. घट्ट बांधल्यास तेथे रंग पोहोचत नाही. हे सुती दोरे शेवटी जपून ठेवावेत. लोकर गडद आणि दोरा फिका निघाला की दोन धाग्यांमधील फरक मुलांना डोळ्यांनी दिसतो.

यानंतर धुणे. कोमट पाण्यात रिठ्याचे पाणी किंवा थोडा सौम्य साबण घालून लडी अर्धा तास भिजत ठेवावी, हलकेच दाबावी आणि त्याच उष्णतेच्या पाण्यात दोनदा विसळावी. मेंढपाळाकडून आणलेल्या कच्च्या लोकरीत चरबट अंश व माती असते. ती तीन-चार वेळा धुवावी लागते. मुले या टप्प्यावर कंटाळतात आणि केव्हा एकदा रंग पाहतो असे त्यांना होते. येथे त्यांना मज्झिमनिकायातील वत्थूपम सुत्ताचा आशय सांगावा. मळकट वस्त्र रंगाऱ्याने कोणत्याही रंगात बुडवले तरी त्याचा रंग नीट येत नाही. स्वच्छ वस्त्र तोच रंग उत्तम घेते. मनाचेही तसेच आहे, असा तो दृष्टान्त आहे. तेलकट राहिलेल्या लडीवर पडलेले पांढुरके डाग पाहिले की हा दृष्टान्त मुलांना निराळा समजावून द्यावा लागत नाही.

नंतर तुरटी. पाच ते सहा ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा तुरटीची पूड कपभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवून दोन लिटर कोमट पाण्यात मिसळावी. असल्यास सुपारीएवढ्या चिंचेचा गाळलेला कोळ घालावा. चिंचेतील टार्टारिक आम्लाने तुरटी लोकरीत सारखी मुरते. ओली लडी त्यात सोडून पाणी वाफ येईपर्यंत तापवावे, पण उकळू देऊ नये. पाऊण तासाने आच बंद करावी आणि लडी रात्रभर त्याच पाण्यात राहू द्यावी. तुरटीतील ॲल्युमिनियम एका बाजूने लोकरीला आणि दुसऱ्या बाजूने रंगाच्या रेणूला धरतो. अशा पदार्थास रंगबंधक म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही, परंतु रंगाचा टिकाऊपणा बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून असतो.

शेवटी रंग. रंगद्रव्य पाण्यात तासभर उकळून गाळून घ्यावे आणि कोमट होऊ द्यावे. शिजला का हे पाहण्यासाठी विनयातील परीक्षा करावी. मात्र नखावर गरम थेंब घेऊ नये, वाटीभर स्वच्छ पाण्यात तो चमच्याने टाकावा. मग ओली लडी रंगात सोडून पाऊण तास मंद आचेवर ठेवावी, अधूनमधून हलकेच फिरवावी आणि त्याच पाण्यात निवू द्यावी. विसळताना पाणी स्वच्छ निघू लागले की सावलीत, कोपऱ्याला बांधून वाळवावी. उरलेले पाणी थंड झाल्यावर मोरीत सोडावे.

कोणता पदार्थ, कोणता रंग?

कांद्याची टरफले: लोकरीच्या वजनाइतकी, म्हणजे पन्नास ग्रॅम घ्यावीत. ती फार हलकी असल्यामुळे दोन-तीन आठवडे साठवावी लागतात. त्यांत क्वेर्सेटिन हे द्रव्य असते. तुरटी दिलेल्या लोकरीवर नारिंगी ते तांबूस असा सुंदर व बऱ्यापैकी टिकाऊ रंग येतो. पहिल्या प्रयोगास हीच सर्वांत भरवशाची.

हळद: दोन ते तीन चमचे पुरतात आणि तुरटीवाचूनही रंग चढतो. पिवळा रंग लखलखीत येतो, परंतु उन्हात लवकर उडतो. उरलेल्या हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून पाहावा. ते तांबडे होते. हळदीला चुना लागताच कुंकवाचा लाल रंग येतो, त्यामागचे कारण तेच.

डाळिंबाची वाळलेली साल: पन्नास ग्रॅम. पिवळसर ते मातकट रंग येतो. हेच पाणी लोखंडी कढईत थोडा वेळ ठेवले तर सालीतील टॅनिन व लोखंड यांच्या संयोगाने ते काळपट होते आणि लोकर करड्या रंगाची निघते. जुन्या काळी शाई याच तत्त्वावर बनत असे.

चहा: वीस ते पंचवीस ग्रॅम पूड. तपकिरी रंग येतो. वापरून वाळवलेला चोथा घेतल्यास तो दुप्पट-तिप्पट घ्यावा.

झेंडू: धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास नागपुरात झेंडूचे ढीग लागतात. सुकलेल्या फुलांच्या पाकळ्या लोकरीच्या वजनाइतक्या घेतल्यास उबदार पिवळा रंग मिळतो.

पळस: फाल्गुनात विदर्भाची राने पेटवणारी ही फुले वाळवून ठेवावीत. तुरटीसह पिवळा ते नारिंगी रंग देतात.

बीट: पातेल्यात सर्वांत मोहक दिसणारा आणि धुताच बहुतांशी निघून जाणारा रंग. तो मुद्दाम करून पाहावा. डोळ्यांना आकर्षक वाटणारे सारेच टिकत नाही, हे मुलांना येथे स्वतःच्या हातांनी कळते.

नोंदवहीची कसोटी

रंग चढला म्हणजे प्रयोग संपला असे समजू नये. एकाच कांद्याच्या रंगात तीन छोट्या लडी घालाव्यात: एक तुरटी दिलेली, एक तुरटीविना, आणि एक लोकरीऐवजी सुताची. प्रत्येकीचा तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवून त्याचा अर्धा भाग कागदाने झाकावा आणि पुठ्ठा दोन आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवावा. कागद काढताच कोणता रंग किती उडाला हे दिसेल. शेजारी तारीख, वजन, वेळ आणि पाणी विहिरीचे, नळाचे की पावसाचे हे लिहावे. क्षारयुक्त पाण्याने छटा बदलते. विनयकारांनी जे लिहून ठेवले ते शतकानुशतके उपयोगी पडले. आपल्या मुलांच्या नोंदी पुढच्या वर्षी त्यांच्या धाकट्या भावंडांना उपयोगी पडतील.

मुलांना हेही सांगावे की, १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने लंडनमधील आपल्या घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवण्याचा प्रयत्न केला. तो फसला, पण भांड्यात उरलेल्या द्रव्यातून जांभळा रंग मिळाला, आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. १८९७ पासून कारखान्यातील नीळ बाजारात आली आणि नैसर्गिक रंगांचे युग ओसरले. फसलेल्या प्रयोगाकडे नीट पाहणाऱ्यालाच त्यातून काही मिळते, हे येथेही दिसते.

एका रास्त आक्षेपाविषयी

काही पालक विचारतील, “आमच्या आजोबांनी हातातले काम सोडून पुस्तक धरले, ते नातवंडांना पुन्हा भांड्यापाशी बसवण्यासाठी का?” हा प्रश्न अनादराने बाजूला सारण्याजोगा नाही. नागपूर प्रांतात आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे जाडेभरडे सुती कापड विणीत असत. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये आणि पुढे मॉडेल मिलमध्ये अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी घाम गाळला. ज्या हातांनी देशाला वस्त्र दिले, त्या हातांचा स्पर्श मात्र विटाळ मानला गेला. जन्मावरून लादलेले काम सोडण्याचा अधिकार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला मिळवून दिला, आणि तो सोडून देण्याचा प्रश्नच नाही.

परंतु काम हलके नव्हते. कामावर जात लादणारी व्यवस्था हलकी होती. बुद्धांच्या संघात रंगाऱ्याची निराळी जात नव्हती. शाक्य राजपुत्र आणि त्यांचा न्हावी उपाली एकाच वेळी प्रव्रजित झाले. आपला शाक्यकुळाचा अभिमान गळावा म्हणून राजपुत्रांनी उपालीस आधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली. चीवर रंगवण्याचे नियम त्या सर्वांना सारखेच लागू होते. पुढे हेच उपाली विनयाचे अग्रगण्य जाणकार ठरले, आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयासंबंधीच्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी दिली, असे परंपरा सांगते. म्हणजे रंगाचा थेंब कसा पारखावा हे ज्ञान आपल्यापर्यंत पोहोचले, ते एका न्हाव्याने जतन केलेल्या विनयातून.

आपल्या मुलांनी लोकर रंगवावी ती पोटासाठी नव्हे, तर जाणून घेण्यासाठी. आणि ती दोघांनी मिळून रंगवावी. पातेले घासण्याची पाळी मुलाचीही असावी, नोंदवही मुलीच्याही हाती असावी. महाप्रजापती गोतमींनी त्या दिवशी कपिलवस्तूस जे गाऱ्हाणे मांडले, ते पुन्हा मांडण्याची वेळ आपल्या घरातील कोणत्याही मुलीवर येऊ नये.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नगरीत लाखो लोक शुभ्र वस्त्रे परिधान करून एकत्र आले आणि त्यांनी धम्म स्वीकारला. त्यांच्या चौथ्या पिढीची मुले आज आपल्या विद्यालयात शिकत आहेत. येत्या सुटीत मूठभर कांद्याची टरफले, चमचाभर तुरटी आणि पांढऱ्या लोकरीची एक लडी एवढ्या सामग्रीवर पालकांनी त्यांच्यासमवेत एक दिवस घालवावा, ही विनंती. सुटीनंतर मुलांनी आपापले रंगीत धागे व नोंदवह्या वर्गात आणाव्यात. ज्यांचा रंग उडाला असेल त्यांनीही जरूर आणाव्यात, कारण वर्गात शिकण्यासारखे त्यांच्याच वहीत अधिक असेल.